तिसऱ्या दिवसाची प्लेट

लॅबच्या रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात एका जंतूचं नाव म्हणून दोन शब्द आहेत : सुडोमोनास स्पीशीज. साल २००६, महिना ऑगस्ट. नमुन्याच्या रकान्यात ‘पू’. पुढे अँटिबायोटिक्सची रांग, प्रत्येकापुढे एस (सेन्सिटिव्ह, औषधाला मरतो) किंवा आर (रेझिस्टंट, जुमानत नाही), आणि शेवटी माझी सही.

‘स्पीशीज’ हा शब्द आमच्या धंद्यात फार सोयीचा आहे. जंतूला माणसासारखंच आडनाव आणि नाव असतं. आडनाव म्हणजे त्याचा वंश, नाव म्हणजे त्याची जात. आडनाव कळलं आणि नाव कळलं नाही, की आडनावापुढे ‘स्पीशीज’ लिहून मोकळं व्हायचं. डॉक्टरला औषध कुठलं चालेल ते कळलं म्हणजे झालं, असं आम्ही स्वतःला समजावतो. त्या दिवशी मी तेच केलं होतं. त्या जंतूचं आडनावही मी चुकीचं लिहिलं असणार, हे कळायला मला अकरा वर्षं लागली.

तो पू एका शेतकऱ्याच्या मांडीतून आला होता. पन्नाशीचे गृहस्थ, तळकोकणातले, साखर कधी ताब्यात नसलेले. तीन आठवडे ताप. लावणीच्या दिवसांत पायाला काहीतरी लागलं होतं, एवढंच मागणीच्या चिठ्ठीवर होतं. सर्जननी गळू फोडलं, नेहमीची अँटिबायोटिक्स सुरू केली. माझा रिपोर्ट गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ते आयसीयूत गेले आणि चौथ्या दिवशी वारले. मी त्यांना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा पू पाहिला होता. मायक्रोबायोलॉजिस्टचं हे असंच असतं : रोग्याच्या चेहऱ्याआधी त्याची थुंकी, लघवी, रक्त ओळखीचं होतं.

ते गेल्याचं मला जिन्यात कळलं. मेडिसिनचे सर वर जाताना म्हणाले, “अगं, तो तुझा सुडोमोनासवाला गेला.” मी हळहळले आणि खाली लॅबमध्ये येऊन पुढच्या प्लेट्स बघायला लागले.

आमच्या लॅबमधली सकाळ कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर चूक कुठे होते ते समजायचं नाही. आदल्या दिवशी लावलेल्या प्लेट्स, म्हणजे जंतूंचं खाद्य ओतून त्यावर नमुना पसरलेल्या बश्या, इन्क्युबेटरमधून बाहेर निघतात. खाद्याचे दोन नेहमीचे प्रकार : ब्लड अगार लालभडक, मॅकॉन्की फिकट विटकरी. झाकण उघडलं की पहिला अंदाज डोळाच करतो. मॅकॉन्कीवर गडद गुलाबी, चपट्या, कोरड्या कॉलनी (जंतूंचे पुंजके), म्हणजे ई. कोलाय. गुलाबीच, पण शेंबडासारख्या लोंबणाऱ्या, म्हणजे क्लेबसिएला. ब्लड अगारवर सोनेरी झाक असलेले गोल ठिपके, म्हणजे स्टॅफ. हिरवट रंग पसरलाय आणि पिकलेल्या द्राक्षांसारखा गोडसर वास येतोय, म्हणजे सुडोमोनास एरुजिनोसा. शंभर नमुन्यांतले बहुतेक या चार-पाच घरांतलेच असतात. दहा वर्षांत डोळा इतका तयार होतो, की टेस्ट लावायच्या आधी ओठांवर नाव आलेलं असतं.

तयार डोळ्याची किंमतही मोजावी लागते. त्याला ओळखीचे चेहरेच दिसतात. अनोळखी कुणी समोर आला, की तो त्याला सर्वांत जवळच्या ओळखीच्या माणसाचं नाव देऊन टाकतो.

२००६ च्या प्लेटवर काय होतं ते मला अजून आठवतं, आणि ते आठवतं याचंच वाईट वाटतं. मॅकॉन्कीवर रंगहीन, बारीक कॉलनी. लॅक्टोज न आंबवणारा. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. टीएसआयच्या ट्यूबमध्ये काहीच बदल नाही, म्हणजे साखर आंबवत नाही. हिरवा रंग नव्हता, द्राक्षांचा वास नव्हता. मातीसारखा काहीतरी वास होता, पावसाच्या पहिल्या सरीनंतर अंगणातून येतो तसा. मी झाकण उघडून नाक जवळ नेलं होतं. आम्हाला तसंच शिकवलं होतं. एरुजिनोसा नाही, म्हणून ‘स्पीशीज’. वाढलेली प्लेट दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेनं जंतू मारायच्या यंत्रात गेली.

त्या जंतूला तिसरा दिवस बघू दिला नाही, हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल त्याची मोजदाद नाही.

२०१७ चा जुलै. पावसानं आंबोली घाट दोनदा बंद झाला होता. तशात सिंधुदुर्गातून एक रोगी आमच्याकडे आला, वय पंचेचाळीस, पुन्हा शेतकरी, पुन्हा मधुमेह. चार महिन्यांपूर्वी छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला म्हणून टीबीची औषधं सुरू झालेली. थुंकीत टीबीचा जंतू कधीच सापडला नव्हता. औषधं चालू, ताप चालू, वजन बारा किलोनं कमी. सीटी स्कॅनमध्ये पानथरीत (प्लीहेत) लहान लहान गळवं दिसली, एकमेकांना चिकटलेली, मधमाशांच्या पोळ्यासारखी. रेडिओलॉजिस्टनी सुईनं थोडा पू ओढला आणि रक्ताच्या कल्चरच्या दोन बाटल्याही आल्या.

दुसऱ्या दिवशी रात्री बाटली पॉझिटिव्ह झाली. सकाळी सेन्सिटिव्हिटीची प्लेट, म्हणजे जंतूवर औषधांच्या गोळ्या ठेवून कुठली त्याला मारते ते बघायची प्लेट, वाचत असताना आमची पहिल्या वर्षाची रेसिडेंट थबकली. “मॅडम, नॉन-फर्मेंटर आहे, साखर आंबवत नाही, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. पण सुडोमोनास ऑगमेंटिनला सेन्सिटिव्ह कसा?”

मी तिच्या हातातून प्लेट घेतली. जेंटामायसिनच्या गोळीभोवती जंतू अगदी गोळीला चिकटून वाढलेला. कोलिस्टिनभोवतीही तसाच. आणि ऑगमेंटिनभोवती मात्र स्वच्छ, रुंद, पारदर्शक वर्तुळ. खरा सुडोमोनास एरुजिनोसा याच्या बरोबर उलटा वागतो. जेंटामायसिनला तो बऱ्याचदा मरतो, कोलिस्टिनला जवळजवळ नेहमीच मरतो, आणि ऑगमेंटिनला तो जन्मजात जुमानत नाही. तीन गोळ्यांचं हे उफराटं चित्र पुस्तकात मी वाचलेलं होतं. प्लेटवर ते पहिल्यांदा दिसतंय असं मला वाटलं. पहिल्यांदा दिसत नव्हतं, पहिल्यांदा पाहत होते.

ग्रॅम स्टेनची स्लाइड पुन्हा लावली. ऑइल इमर्शनखाली गुलाबी दांडे, दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिके. बंद केलेल्या सेफ्टी पिना विखुरल्यासारखे. “सगळ्या प्लेट्स बंद करा,” मी म्हणाले. “टेप लावा आणि सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या. वास कुणी घेतलाय?” आमचे ज्येष्ठ टेक्निशियन, ज्यांना सगळी लॅब काका म्हणते, त्यांनी शांतपणे हात वर केला. त्यांनीही माझ्यासारखंच जुन्या लोकांकडून शिकलेलं. पुढे त्यांना आणि आणखी एकाला लागण होऊ नये म्हणून एकवीस दिवस को-ट्रायमॉक्सॅझोल हे अँटिबायोटिक घ्यावं लागलं. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. त्या दिवसापासून आमच्या लॅबमध्ये प्लेटचा वास घेणं बंद आहे, आणि या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मशीनचा निकाल दुपारी आला. ओळख पटवणारं यंत्र आमच्याकडे नवीनच होतं, सगळ्यांचा त्याच्यावर जीव. त्यानं छापून दिलं : बर्खोल्डेरिया सेपेशिया. पुढे खात्रीचा मोठा आकडा. रेसिडेंटचा चेहरा उजळला. एकदाचं नाव मिळालं.

बर्खोल्डेरिया हे आडनाव वॉल्टर बर्खोल्डर यांच्यावरून पडलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले वनस्पतिरोगतज्ज्ञ. १९५० साली त्यांनी कांदा सडवणाऱ्या एका जंतूचं वर्णन केलं आणि कांद्याच्या लॅटिन नावावरून त्याला सेपेशिया म्हटलं. तेव्हा हे सगळे सुडोमोनासच्या कुटुंबातच मोडत. १९९२ साली त्यांना वेगळं काढून त्यांचं नवं घर झालं. सेपेशिया माणसालाही त्रास देतो, सलाइनमधून, दूषित जंतुनाशकांतून, विशेषतः हॉस्पिटलमध्ये. पण सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याच्या पानथरीत, चार महिन्यांच्या तापानंतर, कांदा सडवणारा? यंत्र खोटं बोलत नव्हतं. त्याला जे शेजारी ठाऊक होते त्यांतला सर्वांत जवळचा त्यानं निवडला होता. माझ्या डोळ्यानं २००६ साली नेमकं हेच केलं होतं.

मला ज्याचा संशय होता तो याच कुटुंबातला दुसरा भाऊ, बर्खोल्डेरिया सुडोमॅलिआय. त्याच्यामुळे होणाऱ्या आजाराला मेलिऑइडोसिस म्हणतात.

काका म्हणाले, “ॲशडाउन करू या.” ॲशडाउन हे त्या जंतूला वाढवण्याचं खास माध्यम, ऑस्ट्रेलियात टाउन्सव्हिलमध्ये काम करणाऱ्या लेस्ली ॲशडाउन यांनी १९७९ साली दिलेलं. तयार पावडर आमच्याकडे नव्हती. पण कृती अवघड नाही : सोया अगार, ग्लिसरॉल, थोडं क्रिस्टल व्हायोलेट, न्यूट्रल रेड, आणि जेंटामायसिन, म्हणजे इतर जंतू दबतील आणि हा मात्र वाढेल. काकांनी संध्याकाळी थांबून ते शिजवलं आणि प्लेट्स ओतल्या. जांभळट, पारदर्शक. आम्ही त्यावर पू पसरला आणि थांबलो.

पहिल्या दिवशी सुईच्या टोकाएवढे ठिपके. दुसऱ्या दिवशी सपाट, जांभळट, साधेसे. तिसऱ्या दिवशी सकाळी झाकणाआडूनच कळलं. प्रत्येक कॉलनी कोरडी झाली होती, मधून कडेपर्यंत सुरकुत्या पडल्या होत्या, वाळत टाकलेल्या कोकमाच्या सालीसारख्या. पुस्तकांत याला एका युरोपीय रानफुलाची उपमा देतात. मला कोकमच दिसलं. प्लेट काकांच्या हातात दिली तर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्याच दुपारी मी फिजिशियनना फोन केला. संदर्भ प्रयोगशाळेचा पीसीआर यायला आणखी काही दिवस लागणार होते. तिहेरी वेष्टनात बांधून कल्चर पाठवलं होतं. पण तोवर थांबायचं नाही, असं त्यांनीही मानलं. सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक सुरू झालं. टीबीची औषधं त्यांनी बंद केली. सहाव्या दिवशी ताप उतरायला लागला. या आजारात ताप उतरायला आठवडा-दीड आठवडा लागतोच, आणि ते माहीत नसलं की औषध लागू पडत नाही असं समजून ते मध्येच बदललं जातं. दोन-तीन आठवडे शिरेतून, मग तीन ते सहा महिने को-ट्रायमॉक्सॅझोलच्या गोळ्या. स्वस्त, जुन्या, कुठल्याही गावात मिळणाऱ्या गोळ्या.

एका नावानं किती फरक पडतो याचं मोजमाप आहे. ईशान्य थायलंडमध्ये उबोन राचथानी इथं ऐंशीच्या दशकात गंभीर मेलिऑइडोसिसच्या रोग्यांवर जुनी औषधं आणि सेफ्टाझिडीम यांची तुलना केली गेली. १९८९ साली ती छापून आली. जुन्या औषधांवर शंभरातले ७४ दगावले होते, सेफ्टाझिडीमवर ३७. अर्धे जीव वाचले. त्या अभ्यासाचा आकडा डॉक्टरांच्या तोंडी असतो. मला त्यामागची लॅब दिसते, कारण सेफ्टाझिडीम द्यायचं ते कुणाला, हे कुणीतरी प्लेटवर ओळखावं लागलं होतं.

हा जंतू पहिल्यांदा ओळखला गेला तो तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातच. १९११ साली रंगून जनरल हॉस्पिटलमध्ये अल्फ्रेड व्हिटमोर हे पॅथॉलॉजिस्ट आणि त्यांचे सहायक सी. एस. कृष्णस्वामी शवविच्छेदनं करत होते. रस्त्यावरचे, उपाशी, मॉर्फिनच्या सुया टोचून घेणारे लोक मरून यायचे. फुप्फुसात, यकृतात, पानथरीत गळवं. ते घोड्यांना होणाऱ्या ग्लँडर्ससारखं दिसायचं. ग्लँडर्स माणसालाही होतो, पण या लोकांचा घोड्यांशी संबंध नव्हता. कल्चर लावल्यावर जंतू ग्लँडर्सच्या जंतूपेक्षा भराभर वाढला. शिवाय तो हालचाल करत होता आणि ग्लँडर्सचा जंतू हलत नाही. एवढ्या बारीक फरकावरून त्या दोघांनी म्हटलं, हा वेगळा आहे. १९१२ साली त्यांनी ते इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये छापलं.

पुढे या आजाराला व्हिटमोरचा आजार म्हणायला लागले. कृष्णस्वामींचं नाव त्यातून गळलं. मला हे फार लागतं. पू काढणारे, प्लेट ओतणारे, तिसऱ्या दिवशी झाकण उघडणारे हात बहुधा सहायकांचे असतात. आमच्या काकांचं नावही कुठल्या शोधनिबंधावर नाही. म्हणून मी शिकवताना ‘व्हिटमोर आणि कृष्णस्वामी’ असंच म्हणते आणि विद्यार्थ्यांनाही तसंच म्हणायला लावते.

कृष्णस्वामींनी १९१७ पर्यंत आणखी कितीतरी रोगी नोंदवले. मग पुढची कित्येक दशकं ब्रह्मदेशातून या आजाराच्या नोंदी जवळजवळ थांबल्याच. जंतू भातखाचरांच्या चिखलातून कुठे निघून गेला नव्हता. शोधणारी माणसं थांबली होती. आपल्याकडेही तसंच. रंगूनमधल्या त्या शोधानंतर भारतातल्या रोग्याची जी पहिली नोंद मानतात ती १९९१ सालची, मुंबईची, एका मुलाची. ऐंशी वर्षांचं अंतर. त्या ऐंशी वर्षांत किनारपट्टीवर पाऊस पडत होता, लोक चिखलात उतरत होते, मधुमेह वाढत होता. वेल्लोरमध्ये आणि मणिपालच्या कस्तुरबा मेडिकल कॉलेजमध्ये डोळे उघडे ठेवून बघायला सुरुवात झाली, आणि मग दर पावसाळ्यात रोगी सापडू लागले. उडुपी-मंगळूरच्या मातीत हा जंतू असतो आणि पुढे कारवार-गोव्याची हद्द लागली की नसतो, असं कसं होईल? मातीला राज्याच्या सीमा कळत नाहीत.

२०१६ साली एका मोठ्या अंदाजात जगभरात वर्षाला १,६५,००० रोगी आणि ८९,००० मृत्यू असा आकडा मांडला गेला, आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा. प्रत्यक्षात छापून येणाऱ्या नोंदी याच्या पासंगाला पुरत नाहीत. उरलेले लोक कुठे आहेत? मला वाटतं, ते टीबीच्या यादीत आहेत, ‘कारण अज्ञात ताप’ या शीर्षकाखाली आहेत, आणि माझ्यासारख्यांच्या रजिस्टरमध्ये ‘सुडोमोनास स्पीशीज’ म्हणून आहेत.

अमेरिकेत हा जंतू नाही, असंच मानत आले होते. २०२१ साली तिथल्या चार वेगवेगळ्या राज्यांतले चार लोक या आजारानं पडले, दोन वारले. एकही परदेशी गेलेला नव्हता. महिनोन्‌महिने शोध चालला. अखेर ऑक्टोबरमध्ये एका रोग्याच्या घरात सापडलेल्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत जंतू मिळाला. बाटली भारतात बनलेली होती. जंतूचा जनुकसंचही दक्षिण आशियातल्याच जंतूंशी जुळला. आपल्याकडच्या मातीपाण्यातल्या ज्या जंतूला आपण नाव देत नव्हतो, त्याची ओळख सातासमुद्रापार पटली. त्यानंतरच्या वर्षी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर मातीत आणि पाण्यात तो त्यांना त्यांच्या स्वतःच्या भूमीत सापडला. तिथला तो किती जुना रहिवासी असेल कोण जाणे.

कमी आढळणारे जंतू म्हटलं की मला एलिझाबेथ किंग आठवतात. १९१२ ते १९६६ इतकंच आयुष्य. अटलांटाच्या सीडीसीमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रात, त्या काम करत. देशभरातल्या लॅबना ज्यांचं नाव लागत नव्हतं असे जंतू त्यांच्या टेबलावर येत. नाव नसलं तर त्या टाकून देत नसत. सारख्या वागणाऱ्यांचा गट करून त्याला अक्षर आणि आकडा देत आणि आणखी नमुने येईपर्यंत वाट बघत. नवजात बाळांच्या मेंदूज्वरात सापडणारा एक जंतू त्यांनी १९५९ साली असाच वेगळा ओळखला. २००५ साली त्याच्या वंशालाच एलिझाबेथकिंगिया नाव मिळालं. आणखी एका वंशाला किंगेला. लहान मुलांच्या सुजलेल्या सांध्यातून काढलेलं पाणी नुसतं प्लेटवर पसरलं तर किंगेला बऱ्याचदा वाढत नाही. तेच पाणी रक्ताच्या कल्चरच्या बाटलीत टाकलं की वाढतो. ज्या मुलांच्या रिपोर्टवर ‘जंतू आढळला नाही’ असं लिहून दिलं जायचं, त्यांतल्या कितींना जंतू होता! ‘एम-१’ असं लिहिलेली ट्यूब शीतकपाटात जपून ठेवणं, नाव सुचत नाही म्हणून जवळचं नाव न चिकटवणं, ही मला आमच्या कामातली सर्वांत मोठी प्रामाणिकता वाटते.

आता आमच्याकडे जंतू ओळखायचं माल्डी-टॉफ हे यंत्र आहे. कॉलनीचा कणभर भाग धातूच्या पट्टीवर लावायचा, त्यावर मॅट्रिक्सचा थेंब, लेझरचा मारा, आणि जंतूची प्रथिनं वजनाप्रमाणे पुढेमागे धावत जाऊन एक आलेख उमटतो. त्या आलेखाची जुळणी यंत्राच्या संग्रहाशी होते. काही मिनिटांत नाव. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं ‘डिफ्थेरॉइड्स, बहुधा कंटॅमिनंट’ (बाहेरून मिसळलेले) म्हणून बाजूला सारत होतो, त्या कोरिनेबॅक्टेरियमच्या जाती आता नावानिशी समोर येतात. स्तनाच्या जुनाट, पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या गळवांतून क्रॉपेनस्टेडटिआय नावाची जात मिळते, तेव्हा मला त्या बायका आठवतात ज्यांना आम्ही ‘कल्चर निगेटिव्ह’ लिहून परत पाठवलं. या यंत्रानं मला नम्र केलं आहे.

पण त्याच्या संग्रहात सुडोमॅलिआयचे पुरेसे आलेख नसतील तर ते बर्खोल्डेरिया थायलंडेन्सिस म्हणतं. तो मातीत राहणारा, सहसा निरुपद्रवी भाऊ. १६एस जनुकाचा क्रम लावला तरी दोघांत फरक अगदी थोडा. म्हणजे इथेही पुन्हा माणसालाच विचारावं लागतं : रोगी कुठला, महिना कोणता, साखर किती, चिखलात उतरला होता का. मागणीच्या चिठ्ठीवर ‘पू, सी अँड एस’ (कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी) एवढंच लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरांना मी आता फोन करते. काहींना त्याचा राग येतो. येऊ दे.

कल्चरला तरी सगळे सापडतात असंही नाही. मेलिऑइडोसिसच्या खऱ्या रोग्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांतच कल्चर पॉझिटिव्ह येतं. म्हणून एकदा निगेटिव्ह आलं तर रक्त, लघवी, घशाचा स्वॅब, पू, पुन्हा पुन्हा. रेसिडेंटना वाटतं मॅडम छळतात.

पीसीआर पॉझिटिव्ह आला त्या दिवशी मी वॉर्डात गेले. सहसा आम्ही जात नाही. रोगी बसून पेज पीत होते. त्यांची बायको पायथ्याशी उभी. नवऱ्याला टीबी झालाय म्हणून चार महिने त्यांची भांडी वेगळी ठेवली होती, मुलीला आजोळी पाठवलं होतं. “म्हंजे टीबी नाय?” तिनं विचारलं. “नाही,” मी म्हणाले. “हा मातीतला जंतू आहे. माणसाकडून माणसाला सहसा होत नाही. मुलीला घेऊन या.” तिनं नाव विचारलं. मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, मग मुलाला हाक मारली आणि वहीत लिहून घ्यायला सांगितलं. मुलानं अक्षर अक्षर लावून लिहिलं. “पुढच्या येळी ताप इलो तर डॉक्टराक ह्यां दाखवूचा,” ती त्याला म्हणाली.

त्या रात्री मी जुनी रजिस्टरं काढली. २००४ पासूनची माळ्यावर होती. काका शिडीवर, मी खाली. आमच्याकडे नॉन-फर्मेंटरसुद्धा ग्रॅम-निगेटिव्हच्या ठरलेल्या सगळ्या गोळ्यांवर लावायची पद्धत होती, त्यामुळे ऑगमेंटिनचा रकाना भरलेला असायचा. आम्ही फक्त पू आणि रक्ताचे नमुने पाहिले, फक्त ‘सुडोमोनास स्पीशीज’. जेंटामायसिन आर, ऑगमेंटिन एस. पेन्सिलनं खूण करत गेलो. साडेअकरा वाजेपर्यंत नऊ खुणा झाल्या. त्यांतल्या सात खुणा जून ते ऑक्टोबर या महिन्यांतल्या. एक माझ्या अक्षरातली, ऑगस्ट २००६.

त्यातला एकही जंतू ठेवलेला नव्हता. सगळे दुसऱ्या दिवशी ऑटोक्लेव्हमध्ये गेलेले.

काकांनी रजिस्टरं पुन्हा वर ठेवली नाहीत. टेबलावरच रचून ठेवली. सकाळी मी आले तेव्हा डीप फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात एक नवीन डबा होता. त्यात ग्लिसरॉलच्या छोट्या कुप्या, आणि झाकणावर काकांच्या अक्षरात चिकटवलेली पट्टी : ‘नाव न लागलेले. टाकू नये.’